मुळापर्यंत पोचायचं तर

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



मेळाव्याच्या समितीचा फोन आला, "तू प्रयोगशाळेत जे काही करतेस ते आम्हाला कळेल असं वीस मिनिटांत सांग." मी म्हटलं, "वनस्पतींमधली केस वाढवणारी द्रव्यं अगदी बारीक, नॅनो आकाराच्या कणांत भरून केसांच्या मुळाशी कशी पोचवायची, यावर माझं काम आहे." पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "जरूर बोल. आपल्या बॅचला आता फार गरज आहे." समोर बघते आहे, तर समितीचा अंदाज अगदीच चुकलेला नाही.

आपण शाळेत होतो तेव्हा केसांचे प्रश्न सोपे होते. मुलींनी दोन वेण्या वर बांधायच्या, रिबिनी लाल. मुलांच्या मानेवरचे केस पीटीचे सर बोटात धरून बघायचे, बोटात आले की रवानगी न्हाव्याकडे. आणि तेल सगळ्यांनाच. माझ्या आजीने चोपडलेलं तेल कपाळावरून ओघळून भूगोलाच्या वहीपर्यंत पोचायचं. बाईंनी एकदा विचारलंही होतं, "हा नकाशात समुद्र कुठून आला?"

त्या तेलापासूनच सुरुवात करते, कारण माझं काम तिथूनच पुढे जातं.

पावसाळ्यात ओढ्याकाठी, बांधावर माका उगवतो. आजी तो खुडून आणायची, पाट्यावर वाटायची आणि त्याचा रस तेलात घालून मंद आचेवर आटवायची. तेल झालं की नाही हे बघायला कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अजून आटव. न तडतडता जळली की उतरव. शार्ङ्गधर संहितेसारख्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत याचं प्रमाण दिलेलं आहे: वाटलेल्या औषधाचा कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. आजीने ग्रंथ वाचला नव्हता, पण तिची वाटी-भांड्याची मापं त्याच्या जवळपास जात होती. आज मी त्याच्याकडे बघते तेव्हा मला दिसतं की ही मुळात अर्क काढण्याची रीत आहे. तेलात उतरू शकणारी द्रव्यं तेलात उतरतात, पाणी उडून जातं आणि म्हणून तेल टिकतं. द्रव्य एकीकडे, त्याला वाहून नेणारं तेल दुसरीकडे. आम्ही अजून याच दोन गोष्टींवर काम करतो.

माक्यात काही आहे का? आहे. त्यात वेडेलोलॅक्टोन नावाचं द्रव्य असतं आणि इतरही बरीच असतात. २००८-०९ च्या सुमारास भारतातल्या संशोधकांनी माक्याचे अर्क उंदरांवर वापरून पाहिले, तेव्हा केसांची जास्त मुळं वाढीच्या अवस्थेत गेलेली दिसली. २००३ साली जास्वंदीवर असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्वंदीच्या फुलाचा मान मोठा, पण त्या प्रयोगात पानाचा अर्क फुलापेक्षा सरस ठरला. त्याच वर्षी मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्या-विंचरण्यात केसातून जाणारं प्रथिन वाचवतं. सूर्यफुलाच्या तेलाला आणि खनिज तेलाला ते जमलं नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. खोबरेल तेल वाचवतं ते केसाच्या दांड्याला. आपल्याला दिसतो तो केस जिवंत नसतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. वाढ होते ती खाली, त्वचेच्या आत, रोमकूपाच्या तळाशी. टाळूवर असे सुमारे एक लाख रोमकूप असतात आणि वाढत्या केसाचं मूळ साधारण चार मिलिमीटर खोल असतं. प्रत्येक मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे आवराआवर. मग तीनेक महिने विश्रांती, आणि शेवटी तो केस गळून नवा उगवतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे चालू वेळापत्रकाचं लक्षण आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

टक्कल पडतं तेव्हा बहुतेक वेळा हे वेळापत्रक बिघडलेलं असतं. पुरुषी संप्रेरकापासून बनणाऱ्या डीएचटी या द्रव्याला काही मुळं जास्त संवेदनशील असतात. ती संवेदनशीलता वारशाने येते. अशा मुळांचा वाढीचा काळ आखडत जातो आणि केस दर फेरीला बारीक होत जातो. माक्यातलं, हिरव्या चहातलं, रोजमेरीतलं द्रव्य या साखळीत कुठेतरी हात घालेल अशी आशा असते. पण त्यासाठी ते तिथे पोचायला हवं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढी. पण विटा आणि चुना रचावा तसा तो रचलेला आहे: पेशी विटांसारख्या आणि मधल्या फटींत चरबीचा गिलावा. त्याचं कामच बाहेरचं आत येऊ न देणं हे आहे, आणि ते तो चोख करतो. रेणू मोठा असेल, किंवा पाणी आणि चरबी दोन्हीशी त्याचं जुळत नसेल, तर तो वरच राहतो. वनस्पतींमधली पुष्कळशी उपयोगी द्रव्यं अशीच अवघड आहेत. पाण्यात नीट विरघळत नाहीत, उजेडात आणि हवेत खराब होतात आणि त्वचेवर नुसती पडून राहतात. संध्याकाळी डोकं धुतलं की मोरीत जातात.

मग वाट कुठली? भिंतीतून जाण्यापेक्षा भिंतीतल्या बोळातून जायचं. केस जिथून वर येतो तिथे त्याच्या कडेने एक अरुंद बोळ थेट खाली जातो, रोमकूपाचा. त्या बोळात शिरतील आणि थोडे दिवस मुक्काम करतील असे कण बनवायचे, हे माझं काम.

हे कण म्हणजे काय, ते पत्राच्या उदाहरणाने सांगते. द्रव्य हे पत्र. ते उघडं टाकलं तर भिजेल, फाटेल. म्हणून पाकिटात घालायचं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इथे अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की लेसिथिनसारखी चरबी पाण्यात पडली की आपोआप गोल पिशव्या तयार करते. बाहेर पाणी, आत पाणी आणि मध्ये चरबीचा पडदा. यांना लायपोसोम म्हणतात. पाण्यात विरघळणारं औषध आतल्या पोकळीत मावतं, चरबीत विरघळणारं पडद्यात बसतं. लेसिथिन म्हणजे काही परकी वस्तू नाही. ते सोयाबीनमध्ये असतं, अंड्याच्या बलकात असतं. १९८६ साली डिओर कंपनीने लायपोसोम असलेलं चेहऱ्याचं क्रीम बाजारात आणलं. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल या कॅन्सरच्या औषधाला मान्यता मिळाली, तेही अशाच पाकिटातलं. त्यातली गंमत बघा. डॉक्सोरुबिसिन हे औषध साध्या रूपात दिलं की केस गळतात. तेच या पाकिटात घालून दिलं की केस गळण्याचं प्रमाण पुष्कळ कमी होतं. औषध बदललं नाही. ते शरीरात कुठे जातं, हे पाकिटाने बदललं.

लायपोसोमचे पुढे चुलत भाऊ आले. जेरुसलेममध्ये एल्का टौइतू यांनी अल्कोहोल जास्त घालून मऊ, लवचीक पिशव्या केल्या, त्यांना इथोसोम म्हणतात. कुणी घट्ट चरबीचे कण केले, कुणी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब.

आता आकाराबद्दल. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला एक केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. तीनशे नॅनोमीटरचे कण एका ओळीत मांडले तर केसाच्या जाडीत अडीचशेच्या वर बसतील. लोकांना वाटतं, कण जितका लहान तितका चांगला. रोमकूपाच्या बाबतीत तसं दिसत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी २००७ साली डुकराच्या कानाच्या त्वचेवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. डुकराची त्वचा आपल्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते म्हणून ती वापरतात. एकच रंगद्रव्य दोन प्रकारे लावलं: एकदा सुमारे तीनशे नॅनोमीटरच्या कणांत भरून आणि एकदा तसंच, मोकळं. नुसतं लावून ठेवलं तेव्हा दोघांत विशेष फरक नव्हता. चोळलं तेव्हा मात्र कण मोकळ्या रंगापेक्षा कितीतरी खोल गेले. मग माणसांच्या त्वचेवर पाहिलं तेव्हा मोकळा रंग रोमकूपात चारेक दिवस टिकला, कण दहा दिवसांपर्यंत.

याचं कारण असं सांगतात, की केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यावर कौलांसारखे खवले असतात. चोळताना केस हलतो, तेव्हा त्या खवल्यांच्या कडा कणांना खाली ढकलत जातात. कणाचा आकार त्या कडांच्या मापाचा असेल तर हे काम नीट होतं, आणि ते माप काही शे नॅनोमीटर आहे. काटेकोर व्याख्येत नॅनो म्हणजे शंभर नॅनोमीटरच्या आतलं. तेव्हा केसांना मानवणारा कण त्या व्याख्येत बसतही नाही.

हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीची बोटं आठवली. ती तेल लावायची नाही, ती तेल जिरवायची. पंधरा मिनिटं, बोटांच्या टोकांनी, "मान खाली घाल" असं दटावत. तिला खवले माहीत नव्हते. पण चोळल्याशिवाय तेलाचा उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं, आणि आमच्या महागड्या कणांनाही चोळल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र आजीचं सगळंच बरोबर होतं असं म्हणणार नाही. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवल्याने तो वाढू शकतो, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या चरबीवरच जगते.

आता अडचणी. पाकीट बनवणं सोपं, ते टिकवणं अवघड. सुरुवातीच्या काळात मी घट्ट चरबीचे कण बनवले होते. आकार हवा तसा, सगळे सारखे, आत द्रव्य भरपूर. मी खूश. तीन महिन्यांनी बाटली उघडली तर कण एकमेकांना चिकटलेले आणि द्रव्य बाहेर येऊन तळाशी बसलेलं. कारण तुम्हाला घरातच दिसेल. ताजं कढवलेलं तूप पातळ असतं, नंतर रवाळ होतं. चरबीचे रेणू शिस्तीत रांगा लावतात आणि त्या रांगांत परक्याला जागा उरत नाही. माझं द्रव्य असंच बाहेर ढकललं गेलं होतं. यावर उपाय म्हणून घट्ट चरबीत थोडं पातळ तेल मिसळतात, म्हणजे रांगा मोडतात आणि द्रव्याला जागा राहते. बाजारातली बाटली दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे वर्षभर उभी असते. आत पाकिटं शाबूत आहेत की फुटली आहेत हे बाहेरून कळत नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. केस वाढल्याचे पुष्कळसे प्रयोग काळ्या उंदरांवर होतात. पाठीवरचे केस भादरतात आणि गुलाबी कातडी कधी काळपट होते हे बघतात, कारण रंग तयार होतो तो फक्त वाढीच्या काळात. प्रयोग चांगला आहे, तीन-चार आठवड्यांत उत्तर देतो. पण त्या उंदराच्या पाठीवरची मुळं एकाच वेळापत्रकाने चालतात, आपली एक लाख मुळं एक लाख वेळापत्रकांनी. आणि उंदराला आपल्यासारखं टक्कल पडत नाही. म्हणून माणसांवरची चाचणी लागते आणि ती निदान सहा महिने चालवावी लागते.

अशा चाचण्या थोड्या आहेत. २०१५ साली इराणमध्ये शंभर जणांवर झालेली एक चाचणी वरचेवर सांगितली जाते. निम्म्यांना रोजमेरीचं तेल, निम्म्यांना दोन टक्क्यांचं मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोघांतही विशेष काही नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली. आशादायक आहे. पण मिनॉक्सिडिल सौम्य मात्रेचं होतं आणि काहीच औषध न दिलेला तिसरा गट नव्हता. शिवाय ते नॅनो नव्हतं, साधंच तेल होतं. वनस्पतीतलं द्रव्य नॅनो कणांतून देऊन मोठ्या संख्येने माणसांवर, वर्षभर, काटेकोर तुलना करून पाहिलेलं काम अजून व्हायचं आहे. हे मी माझ्याच क्षेत्राबद्दल सांगते आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज खरं तर उभी राहिले, ती सांगते. जिची ही गोष्ट आहे ती इथेच बसली आहे. "सांग, पण नाव घेऊ नकोस," असं तिने बजावलं आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या या मैत्रिणीने मला एका सीरमचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरांत नॅनो, खाली माक्याचं चित्र. तिने विचारलं, "केस फार गळताहेत गं. हे घेऊ का?" मी काय केलं? पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. लेसिथिन आहे, म्हणजे लायपोसोम असू शकतील, कल्पना बरी आहे, चोळून लाव, असं लांबलचक उत्तर पाठवलं. मला विषय आवडीचा होता ना! पण तू कशी आहेस, दम लागतो का, झोप कशी आहे, पाळीत जास्त जातं का, हे मी विचारलं नाही.

तिने आठ महिने ते सीरम निष्ठेने लावलं. केस गळतच राहिले. मग एक दिवस बँकेच्या रांगेत तिला चक्कर आली. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सात. गर्भाशयात गाठी होत्या, महिनोन् महिने रक्त जात होतं आणि शरीरातलं लोह संपलं होतं. केस तेच सांगत होते. शस्त्रक्रिया झाली, लोहाची औषधं झाली, आज ती ठणठणीत आहे आणि तिची वेणी तुम्ही सकाळपासून बघताच आहात. पण ते आठ महिने तिचे गेले, आणि त्यांत माझ्या त्या हुशार उत्तराचा वाटा आहे. सीरमने तिला काही अपाय केला नाही. मी तिच्या प्रश्नातला चुकीचा अर्धा भाग उचलला.

म्हणून आता कुणी मला केसांबद्दल विचारलं की मी आधी उलट विचारते. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया? त्यानंतर केस भरभर गळतात आणि बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप परत येतात. त्या काळात तुम्ही जे तेल लावाल त्याला फुकटचं श्रेय मिळतं, हेही लक्षात असू द्या. गोल चाई पडली आहे का? तो प्रकार वेगळा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. थकवा, वजनात फरक, पाळीत बदल? हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. या तपासण्यांचा खर्च बऱ्याचदा एका सीरमच्या बाटलीएवढाच असतो.

एवढं करून मग सीरम घ्यायचंच असेल तर घ्या, मी अडवणार नाही. माझं तर पोटच त्यावर चालतं! पण बाटली हातात घेतली की विचारा: आत द्रव्य कुठलं आणि किती? प्रयोग कशावर केला, उंदरावर की माणसावर? किती महिने? तुलना कशाशी केली? सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या सीरमला औषधासारख्या रुग्णांवरच्या चाचण्यांतून जावं लागत नाही. भारतात २०१९ साली नॅनो औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, पण ती औषधांसाठी. तेव्हा दुकानात हे प्रश्न विचारायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

हे प्रश्न माझे नाहीत. पहिल्या रांगेत आपले शास्त्राचे सर बसले आहेत. आपण फळ्यावर उत्तर लिहिलं की सर विचारायचे, "कशावरून?" उत्तर बरोबर असलं तरी विचारायचे. तेव्हा फार राग यायचा. सर, मला तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न त्या बाटलीला विचारायचं सुचलं, मैत्रिणीच्या गळणाऱ्या केसांबद्दल मात्र सुचलं नाही. आता विसरणार नाही.

आणि समितीला विनंती, पुढच्या मेळाव्यात चहाच्या टेबलाशेजारी हिमोग्लोबिन तपासायची सोय करा. तेल मी आणते.